कुलाब्याची सुई, ध्रुवांवरचा उजेड

२ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकमापकावर नजर ठेवून बसलेल्या निरीक्षकांची चांगलीच धांदल उडाली असणार. तिथे एरवी तासातासाने आकडे टिपले जात. सुई बिथरली की दर पाच-पंधरा मिनिटांनी. त्या दिवशी ती अशी बिथरली, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक बघता बघता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला आणि थोड्याच वेळात बराचसा सावरलाही. शांत दिवशी हाच आकडा दिवसभरात शंभराहूनही कमीने हलतो, एवढे सांगितले की या घसरणीचा अंदाज यावा.

मुंबईत दिवस होता, पण अटलांटिकपलीकडे रात्र होती. क्यूबासारख्या उष्ण कटिबंधातल्या बेटावर लोकांनी आभाळ ध्रुवीय प्रकाशाने लाल झालेले पाहिले. बॉस्टन आणि पोर्टलंड या शहरांमधल्या तारबाबूंनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि तारेत आपोआप खेळणाऱ्या विजेवर संदेश पाठवले. आदल्याच दिवशी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरच्या डागांच्या एका मोठ्या घोळक्यावर दोन पांढरेशुभ्र ठिपके काही मिनिटे लखलखताना दिसले होते. तो लखलखाट आणि कुलाब्याची घसरण यांच्यात पुरता एक दिवसही गेला नव्हता. कुलाब्याच्या या नोंदी पुढे जवळजवळ दीडशे वर्षे दप्तरात राहिल्या. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लखीना आदी संशोधकांबरोबर त्यांचा अर्थ लावला, आणि तेव्हापासून त्या चुंबकीय वादळाचा जोर मोजायचा म्हटले की जगभरचे अभ्यासक मुंबईच्या या पानांकडे येतात.

सुई आणि ध्रुवीय प्रकाश यांचे नाते त्याआधीही कळलेले होते. १७४१ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे ओलोफ हियोर्टर आणि आंदेर्स सेल्सियस (तापमापकाचे सेल्सियस ते हेच) यांना दिसले, की आकाशात प्रकाश नाचू लागला की होकायंत्राची सुईही चळते. लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहम यांच्या सुईनेही त्याच वेळी तेच केल्याचे पत्रव्यवहारातून उघड झाले. म्हणजे प्रकरण एखाद्या गावाच्या आभाळापुरते नव्हते. पण सूर्य आणि सुई यांच्या मधल्या १५ कोटी किलोमीटरांत काय घडते, हे समजायला आणखी दोनशे वर्षे लागली.

त्या वाटेवरचा सर्वांत हट्टी माणूस म्हणजे नॉर्वेचे क्रिस्टियान बिर्कलंड. सूर्याकडून विद्युतभारित कण येतात आणि पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवते, असे त्यांनी १८९६ मध्ये मांडले. ते सिद्ध करायला त्यांनी निर्वात काचपेटीत एक चुंबकित गोळा टांगला, त्यावर चमकणाऱ्या रसायनाचा लेप दिला आणि त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला. अंधारात गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती उजेडाची कडी उमटली. टेबलावर पृथ्वी मांडून तिच्यावर ध्रुवीय प्रकाश पाडण्याची ही करामत मला प्रयोगविज्ञानातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटते. पण बिर्कलंड पेटीवर थांबले नाहीत. उत्तर नॉर्वेत आल्टाजवळ हाल्डे नावाच्या डोंगरावर, सुमारे ९०० मीटर उंचीवर, त्यांनी दगडी वेधशाळा बांधली आणि १८९९-१९०० चा हिवाळा तिथे काढला. त्या मोहिमेत एक सहकारी हिमकडा कोसळून गेला. तरी १९०२-०३ मध्ये त्यांनी नॉर्वे, आइसलंड, स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेमल्या अशी चार ठाणी एकाच वेळी चालवली. चारही ठिकाणच्या सुयांची हालचाल जुळवून त्यांनी निष्कर्ष काढला, की वीजप्रवाह वरून चुंबकीय बलरेषांच्या वाटेने खाली येतो, शंभरएक किलोमीटर उंचीवर आडवा वाहतो आणि पुन्हा वर जातो. सिडनी चॅपमन यांच्यासारख्या वजनदार शास्त्रज्ञाला हे उभे प्रवाह मान्य नव्हते. सगळा खेळ वातावरणातल्या आडव्या प्रवाहांचाच, असे त्यांचे म्हणणे. १९१७ मध्ये टोकियोतल्या एका हॉटेलात बिर्कलंड वारले, त्यानंतरही वाद चालूच राहिला. त्यांच्या बाजूने निकाल दिला तो १९६६ मध्ये, ध्रुवांवरून फिरणाऱ्या एका उपग्रहाच्या चुंबकमापकाने. ते प्रवाह आज बिर्कलंड प्रवाह म्हणूनच ओळखले जातात, आणि मोठ्या वादळात त्यांची बेरीज दहा लाख अँपिअरांच्या पुढे जाते.

सूर्याकडून येते ते मात्र बिर्कलंड यांना वाटले तसे इलेक्ट्रॉनांचे किरण नव्हते. १९५८ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या ३१ वर्षांच्या यूजीन पार्कर यांनी गणिताने दाखवले, की सूर्याभोवतीचा करोना, म्हणजे त्याचे दहा लाख अंशांच्या घरातले प्रभामंडळ, सूर्याच्या गुरुत्वाला बांधून राहूच शकत नाही. ते सतत बाहेर वाहत राहणार, आणि तेही ध्वनीच्या कैक पट वेगाने. दोन परीक्षकांनी हा लेख नाकारला. ॲस्ट्रोफिजिकल जर्नलचे संपादक तेव्हा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. त्यांनाही कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना, तेव्हा परीक्षकांना बाजूला सारून त्यांनी लेख छापला. संपादक असावा तर असा. चारच वर्षांनी शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाला हा सौरवारा वाटभर अखंड लागला. ऑगस्ट २०१८ मध्ये पार्कर यांचे नाव दिलेले यान सूर्याकडे झेपावले, तेव्हा नव्वदी ओलांडलेले पार्कर ते पाहायला हजर होते.

हा वारा म्हणजे मुख्यतः मोकळे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, अर्थात प्लाझ्मा. पृथ्वीपाशी एका घन सेंटीमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा प्रोटॉन. आपल्या प्रयोगशाळांतली उत्तमातली उत्तम निर्वात पोकळीही याहून दाट असते. वेग साधारण सेकंदाला ४०० किलोमीटर, म्हणजे सूर्य ते पृथ्वी हा प्रवास चार दिवसांचा. करोनाच्या विवरांतून येणारा वारा ७००-८०० चा वेग गाठतो. सूर्यावर स्फोट होऊन अब्जावधी टन प्लाझ्मा एकदम फेकला गेला की तो याहूनही जोरात येतो. १८५९ चे वादळ तसले होते. शिवाय हा वारा सूर्याचे चुंबकीय क्षेत्र आपल्याबरोबर ओढत आणतो. ध्रुवीय प्रकाशाच्या दृष्टीने कणांपेक्षाही हे क्षेत्र महत्त्वाचे आहे.

इथे एका सर्वदूर पसरलेल्या समजाचा समाचार घ्यायला हवा. ‘सूर्याचे कण पृथ्वीच्या ध्रुवांवर आदळतात आणि आकाश उजळते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून आणि पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून सारखे भेटते. ते फार तर अर्धे खरे आहे. सौरवारा पृथ्वीच्या चुंबकावरणावर आदळतो तो सूर्याच्या बाजूला सुमारे ६५ हजार किलोमीटर दूर, आणि त्यातला बहुतेक वारा बाजूने निघून जातो. तो थेट आत शिरतो ती जागा म्हणजे दुपारच्या बाजूची, ध्रुवाजवळची एक अरुंद फट. तिथेही उजेड पडतो, पण मंद आणि लालसर. स्वालबार्डमध्ये हिवाळ्यात भर दुपारीही अंधार असतो, म्हणून तिथे तो नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो. रात्री नाचणारे, छायाचित्रांत दिसणारे हिरवे पडदे मात्र आडवाटेने तयार होतात.

ती आडवाट १९६१ मध्ये जेम्स डंगी यांनी दाखवली. सौरवाऱ्यातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले असेल, तर ते पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राच्या नेमके उलट पडते. मग सीमेवर दोन्हीकडच्या बलरेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. एक टोक पृथ्वीत आणि दुसरे सौरवाऱ्यात अशा या रेषा वारा ध्रुवांवरून ओढत रात्रीच्या बाजूला नेतो. तिथे चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे पसरलेल्या चुंबकीय शेपटीत त्या साठत जातात, शेपटीवरचा ताण वाढत जातो, आणि एका क्षणी तिथेही रेषा तुटून पुन्हा जुळतात. गलोलीचे रबर ताणून सोडावे तसा शेपटीतला प्लाझ्मा पृथ्वीकडे भिरकावला जातो. २००८ मध्ये नासाच्या थेमिस मोहिमेच्या पाच उपग्रहांनी हा क्षण रंगेहाथ पकडला: सुमारे सव्वा लाख किलोमीटर अंतरावर शेपूट तुटली आणि दीडएक मिनिटात कॅनडा-अलास्काकडच्या आकाशात प्रकाश भडकला. पृथ्वीकडे येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना शेवटचा धक्का बसतो तो आणखी खाली, काही हजार किलोमीटर उंचीवर. तिथली विद्युत क्षेत्रे आणि बलरेषांवरून धावणाऱ्या लहरी त्यांना हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टांची ऊर्जा देतात. म्हणजे पडदे पेटवणारे इलेक्ट्रॉन सूर्यावरून सरळ आलेले नसतात. त्यांना वेग देण्याचे काम पृथ्वीच्या अंगणातच होते. वारा फक्त जनित्र फिरवतो.

शेपटीतून येणाऱ्या बलरेषा ध्रुवाच्या भोवती उतरतात, आणि म्हणूनच उजेड ऐन ध्रुवावर न पडता ध्रुवाभोवतीच्या लंबगोल कड्यात पडतो, साधारण ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशांवर. ट्रोम्सो, फेअरबँक्स, यलोनाइफ ही गावे या कड्याखाली येतात. वादळात कडे फुगते आणि विषुववृत्ताकडे सरकते. दक्षिणेकडेही तसेच कडे असते, फक्त त्याखाली बर्फ, समुद्र आणि पेंग्विन.

आता रंग. १८६७ मध्ये आंदेर्स आँगस्ट्रॉम यांनी या उजेडाचा वर्णपट पाहिला तेव्हा हिरव्या भागात एक ठळक रेषा मिळाली, पण ती कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. पुढची जवळजवळ साठ वर्षे ती कोडेच राहिली. खंड सरकतात असे सांगणाऱ्या आल्फ्रेड वेगेनर यांनी तर तिच्यासाठी ‘जिओकोरोनियम’ नावाचा अज्ञात वायू कल्पिला. १९२५ मध्ये टोरांटोत जॉन मॅक्लेनन आणि गॉर्डन श्रम यांनी ती रेषा प्रयोगशाळेत काढून दाखवली, तेव्हा वायू निघाला आपला ऑक्सिजन. अडचण ऑक्सिजनच्या संथपणाची होती. इलेक्ट्रॉनचा धक्का बसल्यावर त्याचा अणू ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडायला सरासरी पाऊण सेकंद घेतो. अणूंच्या जगात हा काळ प्रचंड मोठा. तेवढ्या वेळात दाट हवेत त्याला शेजाऱ्यांचे असंख्य धक्के बसतात आणि ऊर्जा प्रकाश न होताच निघून जाते. शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ, की अणूला हवा तितका वेळ मिळतो. ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला तर जवळजवळ दोन मिनिटे लागतात. म्हणून लाल रंग दोनशे किलोमीटरच्या वरच, जिथे धक्का मारायला शेजारीच नाही. उलट पडद्याच्या तळाशी, शंभराच्या खाली, कधीकधी गुलाबी-जांभळी किनार धावताना दिसते ती नायट्रोजनच्या रेणूंची. ते प्रकाश सोडायला वेळ लावत नाहीत, म्हणून ही किनार इतकी चपळ दिसते, तर वरचा लाल रंग सावकाश उमटतो आणि सावकाश विरतो. या उंच्या मोजल्या त्या कार्ल स्टॉर्मर यांनी. १९१० पासून टेलिफोनने जोडलेल्या दोन ठाण्यांवरून एकाच क्षणी छायाचित्रे घ्यायची आणि ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पडदा किती सरकला त्यावरून त्रिकोण सोडवायचा, अशी त्यांची पद्धत.

डोळ्यांना दिसतो तो हा प्रकाश, पण वातावरणाला सोसावी लागते ती उष्णता. बिर्कलंड प्रवाह आयनांबरातून आडवे वाहतात तेव्हा आयन तिथल्या साध्या हवेवर घासले जातात आणि हवा तापते. मोठ्या वादळात ध्रुवांवर अशा रीतीने उतरणारी ऊर्जा, सूर्याच्या अतिनील किरणांकडून या उंच थरांना मिळणाऱ्या ऊर्जेच्या बरोबरीला येते, क्वचित तिला मागेही टाकते. तापलेली हवा फुगून वर चढते. तिच्याबरोबर खालचे जड नायट्रोजन रेणू वर येतात, ऑक्सिजन अणूंचे प्रमाण घटते आणि आयनांबर विरळ होते; लघुलहरींचा रेडिओ मग ऐन वेळी दगा देतो. ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे सेकंदाला सहा-सातशे मीटर वेगाने लाटा निघतात आणि चार-पाच तासांत पृथ्वीच्या मध्यावर पोहोचतात. म्हणजे नॉर्वेच्या आभाळातला रात्रीचा खेळ संपतो न संपतो तोच त्याचे हेलकावे आपल्या डोक्यावरून जात असतात. जमिनीवर कुणाला काही कळत नाही.

उपग्रहांना मात्र कळते. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी ४९ स्टारलिंक उपग्रह सोडले गेले आणि सुमारे २१० किलोमीटर उंचीच्या तात्पुरत्या कक्षेत ठेवले गेले. दुसऱ्या दिवशी चुंबकीय वादळ आले, तेही सौम्य वर्गातले. हवा फुगली, आधीच्या उड्डाणांच्या तुलनेत घर्षण ५० टक्क्यांपर्यंत वाढले आणि ३८ उपग्रह पुन्हा वातावरणात येऊन जळाले. १९७९ मध्ये स्कायलॅब ही अमेरिकी अवकाश-प्रयोगशाळा ठरल्यापेक्षा लवकर खाली आली आणि आपल्याकडेही तिने धास्ती घातली, तिच्यामागेही फुगलेली हवाच होती; तिथे दोष मुख्यतः तापलेल्या सूर्याच्या अतिनील किरणांचा. या सगळ्यावर निसर्गाने एक उताराही ठेवला आहे. ध्रुवीय प्रकाशाच्या माऱ्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि ते अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता अवकाशात टाकून हवेला पुन्हा निववते. मात्र हेच वायू ध्रुवावरच्या दीर्घ रात्रीत हळूहळू खाली उतरले, तर स्थितांबरातल्या ओझोनचा काही भाग खातात.

वातावरणाचा थोडा अंश तर कायमचा जातो. तापलेले, वर ढकललेले ऑक्सिजन आणि हायड्रोजन आयन बलरेषांच्या वाटेने निसटतात. अंदाज दिवसाला सुमारे ९० टनांचा आहे. आकडा मोठा वाटतो, पण पृथ्वीच्या वातावरणाचे वजन एवढे आहे, की या दराने ते संपायला दीडशे अब्ज वर्षे लागतील, आणि सूर्याचेच आयुष्य आता पाचएक अब्ज वर्षे उरले आहे. काळजीचे कारण नाही.

मुंबईकडे परत येण्याचे खरे कारण १८७२ मध्ये सापडते. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला, एका रविवारी संध्याकाळनंतर, खुद्द मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. मुंबईचा चुंबकीय अक्षांश अवघा दहा अंश! त्या रात्री एडनच्या समुद्री तारेवरही गडबड झाली होती, आणि कुलाब्याचे चुंबकमापक पुन्हा एकदा शेकडो नॅनोटेस्लांनी घसरले होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालले, म्हणजे जुन्या-नव्या नोंदींचा सांधा तुटू नये. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. अलिबागचे मोजमाप आजही चालू आहे आणि चुंबकीय वादळांचा जागतिक अभ्यास करणाऱ्यांना त्या अखंड मालिकेचा उपयोग होतो. त्याच परंपरेतली भारतीय भूचुंबकत्व संस्था नवी मुंबईत न्यू पनवेलला आहे, आणि तिची उपकरणे अंटार्क्टिकातल्या मैत्री व भारती या ठाण्यांवरही चालतात. मैत्रीवर हिवाळा काढणाऱ्यांना हा प्रकाश पाहायला मिळतो. भारती चुंबकीय ध्रुवाच्या अधिक जवळ आहे.

१०-११ मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लाल झाक टिपली. दोन दशकांतले ते सर्वांत जोरदार वादळ, घसरण सुमारे ४०० नॅनोटेस्लांची, म्हणजे १८५९ पुढे पासंगालाही न पुरणारी. हानलेहून फक्त लाल दिसले यात नवल नाही. हिरवा भाग शंभर-दीडशे किलोमीटरवर असल्याने पृथ्वीच्या गोलाईआड जातो. दुरून दिसतो तो पडद्याचा माथा.

त्या वेळी सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर आपले आदित्य-एल१ यान उभे होते. त्यावरच्या ॲस्पेक्स या उपकरणाने सौरवाऱ्याचा वाढलेला वेग आणि तापमान टिपले. पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झालेली सूट दुर्बीण तेव्हा तपासणीच्या अवस्थेत असल्याने तिला ऐन तमाशा हुकला. आदित्य उभे असलेल्या जागेचे महत्त्व असे, की सूर्यावर स्फोट झाल्याचे दुर्बिणीतून लगेच कळते, त्यातून फेकलेला प्लाझ्मा पृथ्वीवर कधी पोहोचेल हेही दिवस-दीड दिवस आधी सांगता येते, पण त्यातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले आहे की उत्तरेकडे, हे मात्र प्लाझ्माचा ढग या पहाऱ्यावर येऊन आदळेपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. तिथून पृथ्वीपर्यंत साध्या वाऱ्याला तास लागतो, वेगवान वादळाला अर्धाच. तेवढ्यात वीजजाळे चालवणाऱ्यांना भार इकडचा तिकडे करता येतो, विमान कंपन्यांना ध्रुवावरून जाणारे विमान खालच्या वाटेने वळवता येते, आणि ट्रोम्सोत हॉटेलात बसून राहिलेल्या पर्यटकाला अंगावर आणखी एक जाड कपडा चढवून बाहेर पडता येते.